संहिता नसलेलं नाटक आणि शॉपफ्लोअरवरची माणसं

सेकंड_शिफ्ट

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये दुसऱ्या शिफ्टचा इनचार्ज आहे, चौदा वर्षं झाली. कॉलेजात असताना दोन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकांची प्रॉपर्टी सांभाळली, रंगभूमीशी माझा संबंध एवढाच. गेल्या उन्हाळ्यात आमच्या जुन्या ग्रुपने चार रविवार इम्प्रोव्हचं शिबिर ठेवलं होतं. इम्प्रोव्ह म्हणजे संहिता नाही, तालीम केलेले संवाद नाहीत, समोरच्याने जे टाकलं ते उचलून आयत्या वेळी प्रवेश उभा करायचा. शिकवायला पुण्याहून एक मुलगी यायची. मी गेलो ते जुने मित्र भेटतील म्हणून. पण त्या चार रविवारांनी माझं कारखान्यातलं वागणं बदललं. त्याबद्दल बोलायचं आहे, आणि तुमचं ऐकायचं आहे.

आधी शिबिराच्या महिनाभर आधीची गोष्ट सांगतो. आमच्याकडे पंपाचं एक हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चालू होतं. रात्री साडेआठच्या सुमारास एक ट्रेनी पोरगा मशीन सोडून माझ्या टेबलापाशी आला. "सर, आवाज बदललाय." मी रिपोर्ट भरत होतो. मान वर न करता म्हणालो, "काही होत नाही, नवीन इन्सर्ट आहे, चालू दे." (इन्सर्ट म्हणजे हत्याराचं कापणारं टोक.) तो दोन सेकंद तिथेच उभा राहिला. मग "बरं सर" म्हणून गेला. सकाळी क्वालिटीवाल्याने बोअरमध्ये, म्हणजे आतल्या भोकात, बॅटरी मारली तर आत लाटा उठलेल्या. भोक कापणारा बोरिंग बार होल्डरमध्ये सैल झाला होता. भोकाचं माप तपासायचं प्लग गेज प्रत्येक वेळी पास होत होतं, कारण साइज बरोबरच होती, पण त्या फिनिशवर सील बसणार नव्हतं. 46 हाउसिंग भंगारात गेली. जे गेजला कळलं नाही ते त्या पोराच्या कानाला कळलं होतं.

46 जॉबचा हिशेब कंपनीने मांडला आणि तो विषय मिटला. पण त्यानंतर तीन आठवडे त्या पोराने मला एकही गोष्ट येऊन सांगितली नाही. हा हिशेब कुणीच मांडला नाही.

आता शिबिराचा पहिला रविवार. जोड्या लावल्या. माझी जोडीदार म्हणाली, "काका, सतरंजी उचला, घाटावर पाणी चढायला लागलंय." मी म्हणालो, "कुठलं पाणी? नदी खाली आहे की." प्रवेश तिथेच मेला. ती काही न बोलता उभी राहिली. आणि मला तिच्या जागी तो पोरगा दिसला. तेच दोन सेकंद.

शिकवणाऱ्या मुलीने सांगितलं की समोरचा जे बोलतो, करतो, त्याला ऑफर म्हणतात. ती नाकारली की ब्लॉक. घ्यायची असेल तर मनात "हो, आणि" म्हणायचं. पाणी चढलंय हे खरं मानायचं आणि त्यात आपलं काहीतरी घालायचं: सतरंजीचं एक टोक धरायचं, देवळातली समई उचलायची, काहीही. आपण हुशारी दाखवायला गेलो की प्रवेश पडतो आणि जोडीदाराला सावरून घेतलं की उभा राहतो, हे त्या रविवारी मी सात-आठ वेळा बघितलं.

हे कुणी नोकरीत, घरात, संस्थेत वापरलं आहे का? आणि कुठे फसलं?

विंगेतला

सेकंड शिफ्ट, छान लिहिलंत. मी साठी ओलांडलेला हौशी नट आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुम्ही ज्याला इम्प्रोव्ह म्हणता त्याची आधुनिक बाराखडी शिकागोत तयार झाली. व्हायोला स्पोलिन नावाच्या बाईंनी मुलांसाठी नाट्यखेळ रचले, त्यांच्या मुलाने मित्रांबरोबर 1959 साली सेकंड सिटी हे थिएटर काढलं. इकडे लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये कीथ जॉनस्टन वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले आणि पुढे कॅनडात कॅलगरीला जाऊन त्यांनी ते वाढवलं. हे सगळं मोलाचं आहे. पण सांगलीच्या माणसाने हे वाचताना 5 नोव्हेंबर 1843 विसरू नये. विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने सीता स्वयंवर हे नाटक केलं, तेव्हा लिहिलेली होती ती पदं. सूत्रधार पद म्हणायचा आणि पात्रं आपापली भाषणं जागच्या जागी करायची. रावणाने काय बोलायचं ते रावणाने ठरवायचं. पाठ करून बोलायची 'बुकिश' नाटकं नंतर आली. म्हणजे ज्या नाटकामुळे आपण सांगलीला नाट्यपंढरी म्हणतो, त्या नाटकाचे संवाद आयत्या वेळचे होते.

आणि त्यात सूत्रधार कुठे असायचा? रंगमंचावरच. नांदी झाली की आत जाऊन बसला असं नाही. शेवटपर्यंत उभा. कथा कुठून कुठे जायची हे त्याच्या हातात, पण रावणाचं तोंड रावणाचं. तुम्हाला पुढारपण कसं असावं याचं चित्र हवं असेल तर मला हेच दिसतं.

एक सावधगिरीही सांगतो. आयत्या वेळी म्हणजे बिनतयारीने नव्हे. त्या नटांना रामायण मुखोद्गत होतं. आमच्या कवलापूरच्या तमाशातल्या काळू-बाळूंचा हजरजबाबीपणा ज्यांनी तंबूत बसून ऐकलाय त्यांना विचारा. एक भाऊ शब्द टाकायचा आणि तो जमिनीवर पडायच्या आत दुसऱ्याने झेललेला असायचा. त्यामागे अख्खं आयुष्य एकत्र उभं राहिल्याची मेहनत होती. चार रविवारांत ते येत नाही. चार रविवारांत कान उघडतो, आणि तुमचा उघडलाय असं दिसतंय.

गणपती_पेठ

मी व्यापारी माणूस, हळद-मिरचीचं दुकान आहे. मला हे पटत नाही. स्पष्ट लिहितो, राग नसावा.

स्टेजवर पाणी चढलं काय आणि उतरलं काय, कुणाचं नुकसान होत नाही. धंद्यात प्रत्येकाला "हो" म्हणत बसलो तर महिन्यात शटर खाली. गिऱ्हाईक म्हणतं उधारी द्या, हो आणि किती देऊ? कारखान्यात कामगार म्हणाला गार्ड काढून मशीन चालवतो, त्याला काय म्हणणार? नाटकात चूक झाली तर टाळी मिळते. प्रेसवर चूक झाली तर बोट जातं.

आणि दुसरं. आपल्याकडे "हो" म्हणणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. मी ज्या ज्या ऑफिसात गेलोय तिथे सगळे हो म्हणतात. काम कुणी करत नाही.

ठेका

पेठेतल्या काकांच्या दुसऱ्या मुद्द्याला दाद.

मी तबला वाजवतो. संगीतातलं एवढंच सांगतो. गवई तानेत हरवला आणि सम चुकली, तर साथ करणारा थांबून त्याच्याकडे बघत नाही. ठेका स्वच्छ धरून ठेवतो, आणि सम जवळ आली की एखादा असा तुकडा टाकतो की गवयाला घर दिसावं. गवई परत येतो. समोर बसलेल्यांना काही कळत नाही. मिरजेच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ जी गाणी होतात, तिथे लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून मी हे बघायला शिकलो. "हो, आणि" मला त्या तुकड्यासारखं वाटतं. चूक झाली हे मानलं, पण ती चव्हाट्यावर नाही आणली.

सेकंड_शिफ्ट

पेठेतले काका, राग कसला, तुमचा प्रश्न माझाही होता. गार्डचंच उदाहरण घेतो, कारण ते खरंच घडलं.

आमचा एक जुना ऑपरेटर म्हणाला, "गार्ड काढला तर जॉबमागे दहा सेकंद वाचतात." पूर्वीचा मी असतो तर "डोकं फिरलंय का" म्हणून मोकळा झालो असतो. या वेळी म्हणालो, "म्हणजे लोडिंगला वेळ जातोय. कुठे अडकतंय दाखवा." गार्ड काढायचा नव्हताच आणि काढलाही नाही. पण दहा सेकंद जातात ही त्याची माहिती खरी होती. बघितलं तर कच्च्या जॉबची ट्रॉली त्याच्या डाव्या हाताला होती आणि प्रत्येक वेळी त्याला पूर्ण वळावं लागत होतं. ट्रॉली उजवीकडे घेतली. आठ सेकंद वाचले.

मला जे समजलंय ते असं. "हो" हा त्या माणसाला जे दिसतंय, ऐकू येतंय, त्याला असतो. त्याच्या मागणीला असतोच असं नाही. पोरगा म्हणाला आवाज बदललाय, तर आवाज बदललाय. तो का बदलला आणि काय करायचं, हे पुढचं.

ऑफिसातल्या "हो" बद्दल तुम्ही लिहिलंत ते मी दोन दिवस डोक्यात घोळवत होतो. आपल्या मराठीत ब्लॉक "नाही" या शब्दाने होतच नाही. "नाही" म्हणायला माणूस कचरतो. आपला ब्लॉक म्हणजे "बघू". "बघू या", "करू की", "सांगतो तुम्हाला". ऐकणारा हो समजून जातो आणि पुन्हा कधी येत नाही. त्याच्या खालोखाल "हो, पण". मी एक शिफ्टभर खिशातल्या चिठ्ठीवर रेघ मारत होतो, "बघू" किती वेळा म्हणतो त्याची. बावीस रेघा झाल्या.

काय फसलं तेही सांगतो. शिबिराच्या उत्साहात मी तीन वाजताच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना गोल उभं करून "हो, आणि" ने वाक्य सुरू करायला लावलं. जुने ऑपरेटर अवघडले. एक जण घरी जाऊन जेवला नाही असं नंतर कळलं, त्याला वाटलं त्याची चेष्टा चाललीय. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याची माफी मागितली आणि ते शब्द बंद केले. आता फक्त एक पाळतो. कुणी काही सांगायला आला की आधी पेन खाली ठेवतो, त्याचंच वाक्य त्याला परत म्हणून दाखवतो, आणि उठून त्याच्या मशीनपाशी जातो. खुर्चीतून उठणं फार महत्त्वाचं आहे. जॉनस्टन यांनी माणसामाणसांतल्या वर-खाली असण्यावर, स्टेटसवर, पुष्कळ खेळ बांधले. कोण उभा, कोण बसलेला, कोण कुणाच्या डोळ्यात बघतो यावरून कोण मोठा ते ठरतं, आणि ते मुद्दाम बदलता येतं. मी बसलेला आणि तो हात मागे बांधून उभा असला तर तो आवाजाबद्दल बोलणार नाही. मशीनपाशी गेलो की तिथला साहेब तो असतो. त्याला तिथलं सगळं माहीत असतं.

जतचा_गुरुजी

जिल्हा परिषद शाळेत तिसरीचा वर्ग शिकवतो. जत तालुका, सीमेजवळ. निम्म्या मुलांच्या घरी कन्नड बोलतात, शाळा मराठी.

विंगेतले काकांनी स्पोलिनबाईंचा उल्लेख केलाय, त्यात एक जोडतो. त्या शिकागोत परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या मुलांबरोबर काम करत होत्या. पोरांची भाषा एक नव्हती, म्हणून त्यांनी भाषणाऐवजी खेळ घेतले. ते वाचल्यावर मला वाटलं, हा तर माझाच वर्ग.

आम्ही एक शब्दाची गोष्ट खेळतो. गोल बसायचं, प्रत्येकाने एकच शब्द जोडायचा. आमच्या वर्गात एक मुलगी होती, जूनपासून दिवाळीपर्यंत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर. त्या दिवशी गोष्ट चालली होती: "एक, म्हातारी, शेतात, गेली, आणि". पाळी तिची आली. मी पुढच्याला खूण करणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मळे."

कन्नडमध्ये मळे म्हणजे पाऊस. माझ्या तोंडावर आलं होतं, "बाळा, पाऊस म्हण." ते गिळलं. तिच्या शेजारी बसलेल्या पोराला कन्नडचा गंध नाही. त्याला वाटलं, म्हातारीचे मळे. तो म्हणाला, "भिजले."

बरोबर बसलं! तिने त्याच्याकडे असं बघितलं की काय सांगू. त्याला वाटलं त्याने तिचे मळे भिजवले, तिला वाटलं त्याला तिचा पाऊस कळला. गोष्ट पुढे गेली, ओढ्याला पाणी आलं, म्हातारीची शेळी पलीकडे राहिली. संपल्यावर मी फळ्यावर "मळे" लिहिलं आणि दोन्ही अर्थ सांगितले. आमच्याकडे पाऊस आणि मळे यांचा संबंध कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

ती मुलगी आता हजेरीला "उपस्थित" म्हणते. मोठ्याने नाही. पण म्हणते.

ओसरी

गुरुजी, वाचून डोळे भरून आले.

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे, चौथं वर्ष. रोज दिवे लागले की त्या पुढच्या ओसरीवर येऊन बसतात. त्यांचा भाऊ मिरजेहून येणार असतो. मामा जाऊन आठ वर्षं झाली. सुरुवातीला मी खरं सांगायची. "आई, मामा नाहीत आता." दर वेळी त्यांना ते नवीनच कळायचं. दर वेळी त्या पहिल्यांदा ऐकल्यासारख्या रडायच्या. आठवड्यातून चार-पाच वेळा मी त्यांना भाऊ गेल्याची बातमी देत होते. आज हे लिहितानाही हात थरथरतो.

आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या जगात जा, त्यांना ओढून तुमच्या जगात आणू नका. मला ते जमेना. खोटं कसं बोलायचं? मग एका संध्याकाळी नुसतंच विचारलं, "मामा आले की जेवायला काय करू या?"

त्या म्हणाल्या, "भरली वांगी. त्याला कूट जास्त लागतं. देठ काढू नकोस." मी परात आणि वांगी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी देठ ठेवून चार चिरा दिल्या, एकही वांगं तुटलं नाही. काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण हाताला सगळं आठवत होतं. आणि चिरता चिरता त्यांनी मामांची एक गोष्ट सांगितली, लहानपणी हरिपूरच्या संगमावर तो कसा पोहायला शिकला, कुणी ढकललं, घरी कुणाला मार बसला. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी ती कधी ऐकली नव्हती. आमच्या ह्यांनीही नाही.

दीर आले की अजून खरं सांगतात. त्यांना वाटतं मी आईला फसवते. विंगेतले काका, तुम्ही सांगा, हे फसवणं आहे का?

विंगेतला

ताई, मी नट आहे, डॉक्टर नाही. पण तुम्ही मामा जिवंत आहेत असं म्हणाला नाहीत. मामांना काय आवडायचं ते विचारलंत. ते तर खरंच आहे ना? त्यांना कूट जास्त लागायचं हे आजही खरं आहे. दीरांना एक दिवस दिवेलागणीला परात घेऊन शेजारी बसवा. वाद घालू नका.

गावभाग_2019

ओसरीताई, नमस्कार करते तुम्हाला.

पुढारपणावर माझं थोडं. 2019 च्या ऑगस्टातल्या महापुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी 45 आहे, म्हणजे बाहेरच्यांना अंदाज यावा. आमच्या गल्लीतले एकोणीस जण एका गच्चीवर अडकलो, दोन रात्री. त्यात एक निवृत्त अधिकारी होते, एक प्राध्यापक होते. गच्ची चालवली ती शिलाईकाम करणाऱ्या एका काकूंनी. कुणी नेमलं नव्हतं त्यांना.

पहिल्या तासात सगळे काय नाही ते सांगत होते. लाइट नाही, दूध नाही, रेंज नाही. काकू म्हणाल्या, "काय हाय ते सांगा. नाही ते मागनं बघू." एक जण म्हणाला माझ्याकडे भडंग आहे, पाच किलोची पिशवी. "बरं, मग पोरांचं झालं. पाणी कुणाकडं?" कॉलेजची मुलगी म्हणाली माझ्याकडे फक्त पॉवर बँक आहे. "मग फोन तू धरायचा. तासाला एकदाच चालू करायचा." रडणाऱ्या एका आजोबांना म्हणाल्या, "तुमी पाण्याची खूण बघा. त्या खिडकीच्या गजावर. चढलं की सांगा." ते आजोबा रात्रभर गज मोजत बसले. रडले नाहीत.

जो जे घेऊन आला, रिकामे हात असले तरी, त्याला त्यांनी काम दिलं. सहा वर्षं मी कॉलेजात मॅनेजमेंट शिकवते आहे, आणि ती गच्ची मी कुठल्याच तासाला सोडत नाही.

सेकंड_शिफ्ट

"काय हाय ते सांगा" हे मी उद्याच्या मीटिंगला घेऊन जातोय, परवानगी द्या.

खासगी निरोपातून दोघांनी विचारलंय की घरी सुरुवात कशी करायची. आम्ही जेवताना एक खेळतो. समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द घेऊन आपलं वाक्य सुरू करायचं. तेवढंच. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावंच लागतं, कारण शेवटचा शब्द काय येणार ते माहीत नसतं. मला त्यातून कळलं की बायकोचं वाक्य मी अर्ध्यातच सोडून देत होतो. बाकीचं तिचं मी मनाने पूर्ण करत होतो, आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असायचं.

आणि तो ट्रेनी. तो आता कायम झाला. गेल्या महिन्यात रात्री दहा वाजता आला, म्हणाला, "सर, वास वेगळा येतोय." मी पेन ठेवलं. दोघे गेलो. कूलंटच्या टाकीत हायड्रॉलिक ऑइल उतरत होतं.

गणपती_पेठ

मी परत आलोय. धागा सगळा वाचला, ओसरीताईंचं दोनदा.

माझा मुलगा बीकॉम करून दुकानात बसतो. दोन वर्षांपासून म्हणतोय, आपण पोत्याने विकतो ती हळद दळून छोट्या पाकिटांत विकू या. मी दोन वर्षं काय म्हणतोय ते सेकंड शिफ्टनी आधीच लिहिलंय. "बघू."

परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणालो, "ते पाकिटाचं म्हणत होतास. किती ग्रॅमचं करायचं?" तो काही बोलला नाही. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग गल्ल्याखालच्या खणातून त्याने एक वही काढली आणि माझ्यासमोर ठेवली. तो खण मी रोज उघडतो. वही पावत्यांच्या खाली होती.

सेकंड_शिफ्ट

काका, काय आहे वहीत?

गणपती_पेठ

दळणाचा दर, पाकिटाचा दर, बारा दुकानांची नावं, कुठली राजापुरी हळद घ्यायची, सगळं. अक्षर सुरेख आहे त्याचं, मला माहीत नव्हतं. 200 ग्रॅमच्या हिशेबात पॅकिंगची मजुरी धरायची राहिलीय, त्यामुळे नफा फुगलेला दिसतोय. ते त्याला सांगितलं. म्हणाला, मग 500 ग्रॅमचं धरून बघू का? आज रात्री दुकान बंद केल्यावर दोघे बसणार आहोत.